एमबीवर सही करण्याआधी: कनिष्ठ अभियंत्यांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या पथ, रस्ते आणि बांधकाम विभागांतले सर्व कनिष्ठ अभियंते

स. न. वि. वि.

असली पत्रं लोक आयुक्तांना लिहितात, महापौरांना लिहितात, फारच डोकं फिरलं तर थेट मुख्यमंत्र्यांना. मी तुम्हाला लिहितोय, कारण फुटपाथ आयुक्त बांधत नाहीत. ते धोरण मंजूर करतात. सल्लागार रंगीत चित्रं काढतात, त्यात गोरीगोमटी कुटुंबं फुगे घेऊन चालत असतात. पण उन्हात उभं राहून ठेकेदाराच्या माणसाला ‘इथून कापा, इथे उतार द्या’ असं सांगता तुम्ही, आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, आकडे लिहून खाली सहीही तुमचीच असते. शहरातला माणूस सुखरूप चालणार की नाही, हे त्या सहीशी ठरतं असं माझं मत आहे.

माझी ओळख एवढीच, की मी उभी हयात रस्त्यांच्या ठेकेदारांकडे बिलिंग केलं. आरए बिल (काम चालू असताना निघणारं बिल), फायनल बिल, एक्स्ट्रा आयटम, रेट अ‍ॅनालिसिस यांतच केस पांढरे झाले. आता निवृत्त आहे. गाडी विकून टाकली. लांब जायचं तर बस, जवळ जायचं तर सायकल किंवा पाय. त्यामुळे फुटपाथचं बिल कसं होतं हे मला ठाऊक आहे आणि त्याच फुटपाथबद्दल माझ्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे, हेही.

बिल कशाचं होतं? खोदाई घनमीटरात. पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, घनमीटरात. कर्ब स्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, रनिंग मीटरवर, पेव्हर ब्लॉक चौरस मीटरवर, चेंबरची झाकणं नगावर. रंग मारला तर त्याचेही चौरस मीटर. एवढ्या सगळ्या आयटममध्ये ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस खाली न उतरता चालत गेला’ असा आयटम कुठेच नाही. ज्याचं माप घेतलं जात नाही त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते ठेकेदार करत नाही. यात ठेकेदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो टेंडरात लिहिलेलं देतो.

एक रस्ता घेऊ. नाव लिहीत नाही, कारण तसा तो पुण्यात आहे, नाशकात आहे आणि ठाण्यातही सापडेल. फुटपाथ नवा. लाल-करडे ब्लॉक, काळी-पिवळी कर्ब. पहिलं पाऊल टाकायलाच जवळजवळ फूटभर चढायचं. चढलात, की दहा-वीस पावलांवर सोसायटीचं गेट. तिथे फुटपाथ एकदम खाली बसतो, कारण आतून येणाऱ्या मोटारीला झटका लागता कामा नये. गेट संपलं की पुन्हा चढ. मग दवाखान्याचं पार्किंग, पुन्हा उतार. मग बंगला, मग दुसरी सोसायटी. उतारांच्या तळाशी पावसाचं पाणी साठलेलं, त्यात कुणीतरी अर्धी वीट टाकून पाऊल ठेवायची सोय केलेली. पुढे विजेचा डीपी, म्हणजे वीजवाटपाची पेटी. दार उघडं, आत फुलपुडीचा कागद. डीपीभोवती ब्लॉक असे सुबक कापून बसवलेत, की कारागिराचं कौतुक वाटावं. फक्त डीपी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात उरलेल्या फटीतून जायला माणसाला आडवं व्हावं लागतं. नातवाची ढकलगाडी घेऊन निघालेल्या एक आजी पहिल्याच गेटपाशी रस्त्यावर उतरल्या आणि पुन्हा वर चढल्याच नाहीत. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, वर ऐकवलंही, ‘आजी, फुटपाथ कशाला बांधलाय?’

बिलात मात्र हा फुटपाथ अखंड आहे. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) शून्यापासून शेवटपर्यंत, मधली गेटं आणि डीपी धरून.

नियम तुम्हाला मी शिकवायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मानकं, आयआरसी १०३, तुमच्या कपाटात असतील. राहत्या भागात फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, दुकानांच्या भागात त्याहून जास्त. डोक्यावर २.२ मीटर मोकळं. कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या आत, रॅम्पचा उतार १:१२. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. भिंतीपासून कर्बपर्यंत टेप धरून २ मीटर भरले म्हणून रुंदी २ मीटर होत नाही. मधले खांब, झाडाचा बुंधा, डीपी, केबलवाल्यांची पेटी आणि ‘वाहतुकीचे नियम पाळा’ हा फलक वजा करून जे उरतं, ती रुंदी. ड्रॉइंगवर कर्बपासून भिंतीपर्यंतचं माप असतं, एमबीत तेच येतं, आणि वजाबाकी करायला कुणी सांगत नाही.

गेटापाशी काय करायचं याचं उत्तर सोपं आहे आणि स्वस्तही. फुटपाथ आहे त्या पातळीवर सलग जाऊ द्या आणि मोटारीला चढू द्या. कर्बपाशी छोटा रॅम्प, वर फुटपाथची पातळी, पलीकडे गेट. दिवसातून दोनदा बाहेर पडणाऱ्या मोटारीला सेकंदभर हळू व्हावं लागेल. आज दिवसभर येणारीजाणारी शेकडो माणसं तिच्यासाठी चढतात-उतरतात. सोसायटीचे चेअरमन साइटवर येऊन आवाज चढवतील, नगरसेवकांचा फोन येईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच ही गोष्ट मंजूर ड्रॉइंगवर क्रॉस सेक्शनसकट हवी. तोंडी सूचना फोनपुढे टिकत नाही. सही असलेलं ड्रॉइंग निदान आठवडाभर टिकतं.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघा. १९७० च्या दशकात बांधलेला हा रस्ता वर्षानुवर्षं खड्डा न पडण्यासाठी गाजला, आणि अलीकडच्या काळात त्याचेच फुटपाथ रुंद झाले. आज संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बाकांवर टेकतात, पोरं हुंदडतात. शहर तेच, खातं तेच. बंगळुरूने ‘टेंडरशुअर’ नावाखाली काही रस्ते केले, तेव्हा पाणी, ड्रेनेज, वीज, केबल यांच्या वाहिन्या आधी एकत्र नीट बसवल्या आणि वर फुटपाथ घातला. आपल्याकडे मार्चमध्ये ब्लॉक बसतात, एप्रिलमध्ये केबलवाला परवानगी घेऊन येतो, खोदतो, माती लोटतो आणि ब्लॉक कुठल्यातरी दिशेला टेकवून जातो. खोदाईचं शुल्क तिजोरीत जमा होतं. फुटपाथ मात्र पुढच्या टेंडरापर्यंत डुगडुगतो.

धोरणांची तर आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, २०१७ च्या डिसेंबरात ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. दोन्ही कागद मी वाचलेत आणि दोन्ही उत्तम आहेत, खोटं कशाला बोलू. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही होतो. गाड्या बंद, रांगोळ्या, खेळ, फोटो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून पुरणपोळी खाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी मान पुन्हा जुवाखाली, तशातली गत. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर किती प्रसन्न वाटतं हे नाकारत नाही. पण १२ डिसेंबरला तिथे चालणाऱ्याला वाली कोण?

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२३ चा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली ३५ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वदच्या वर. मोठा अपघात पहिल्या पानावर येतो, मोटारीची किंमतही छापून येते. चालताना गेलेला माणूस आतल्या पानावर, दोन ओळींत, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’.

फुटपाथवर माणूस जखमी होतो, मरतो मात्र बहुतेकदा ओलांडताना. त्यामुळे चौकांचंही बोलू.

सहा लेनचा रस्ता, लेन साडेतीन मीटरची, म्हणजे २१ मीटर. सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशेबाने त्याला साडेसतरा सेकंद लागतात. काठी टेकत जाणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटरच्या पुढे जात नाही. त्याला २६ सेकंद हवेत. हिरवा माणूस पंधरा सेकंदांत लाल होत असेल तर ही व्यक्ती दुभाजकापाशी पोहोचते, आणि तिथे उभं राहायला जागा नसते. झेब्राचे पट्टे दुभाजकाच्या भिंतीला जाऊन भिडलेले मी अनेक चौकांत पाहिलेत. पट्टे एका टेंडराचे, दुभाजक दुसऱ्या. दोघांचीही बिलं निघाली.

त्यात आपलं लाडकं ‘फ्री लेफ्ट’. डावीकडे वळणाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून चौकाचा कोपरा गोलाकार तासून देतात. कोपरा जितका मोठा गोल, तितका वळण्याचा वेग जास्त. ओलांडणाऱ्याला सिग्नल हिरवा असतानाही डावीकडून गाड्यांची धार सुरूच असते. कोपरा टोकदार ठेवला, की चालक आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो. पोलिसाची गरज लागत नाही, कॅमेऱ्याची नाही. तासलेल्या कोपऱ्याला उलट जास्त डांबर लागतं, तेव्हा हे काम पैसे वाचवणारंच आहे.

वेगाचं गणित शाळेत शिकवतात. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीत ताशी ३० ने येणाऱ्या गाडीच्या पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जा असते. ३० च्या धडकेत बहुतेक माणसं वाचतात, ५० च्या धडकेत वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. आणि २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० ची मुभा दिली. राज्य सरकार किंवा पोलीस ती कमी करू शकतात, तुम्ही नाही. पण शाळेपाशी, बाजारापाशी झेब्रा फुटपाथच्या पातळीपर्यंत उचलून टेबल टॉप करणं तुमच्या हातात आहे. गतिरोधक करायचा तर आयआरसी ९९ चा करा, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. रात्रीत उगवलेला डांबराचा उंचवटा कुणाच्याच कामाचा नसतो, मणक्याच्या डॉक्टरांचा अपवाद सोडून.

आता सायकल.

एके काळी सायकलला नगरपालिकेचा कर होता, बिल्ला होता, रात्री दिवा नसला तर दंडही होता. थोडक्यात, सायकल हे वाहन आहे हे सरकारला मान्य होतं. हल्ली ती रविवारची हौस समजली जाते. म्हणून सायकल ट्रॅक काढायचा म्हटलं, की तळ्याकाठी, नदीकाठी, उद्यानात. मुंबईत पवई तलावाच्या कडेने ट्रॅक काढायला गेले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. पहाटे साडेपाचला ड्युटी संपवून निघालेला वॉचमन, पेपरवाला, डबा हँडलला अडकवून साइटवर जाणारा गवंडी, हे तळ्याकाठी जात नाहीत. पुण्यात ते सातारा रस्त्याने, सोलापूर रस्त्यानेच जातात, कारण काम तिकडे आहे. तिथे बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या राखीव मार्गाबरोबर, ट्रॅकही आखले होते. त्यांचं पुढे काय झालं हे पाहायला कधी स्वतः सायकलवर बसून जा. फोटो पुरेसे नाहीत.

चांगला सलग ट्रॅक होईल तेव्हा होवो. तोपर्यंत चार बारीकसारीक गोष्टी तुम्ही उद्यापासून करू शकता आणि त्यांना ना सल्लागार लागतो ना स्थायी समिती. पावसाळी चेंबरच्या जाळीच्या फटी चाकाला समांतर बसवू नका, आडव्या बसवा. समांतर फटीत सायकलचं चाक बरोब्बर जातं आणि माणूस हँडलवरून पुढे. काँक्रीट आणि डांबर जिथे मिळतात ती लांबलचक सांध बुजवा. ती नेमकी डाव्या कडेला येते, आणि सायकलवाल्याची जागाही तीच. रस्त्यावर नवा थर चढवला, की चेंबरची झाकणं त्याच आठवड्यात वर उचला, ‘पुढच्या आरए बिलात घेऊ’ म्हणू नका. रम्बलरचे, म्हणजे वेग कमी करायला लावणारे खडखडे, पट्टे मारताना डावीकडे दोन फूट मोकळे सोडा. मोटारीला ते चुकवता येत नाहीत, सायकल मात्र शांतपणे निघून जाते.

एका ठिकाणी मी तुमच्या बाजूने आहे, तेही सांगतो. फुटपाथवर दुचाक्या चढतात म्हणून लोक बोलार्ड, म्हणजे वाट अडवणारे बुटके खांब, मागतात. बोलार्ड जवळजवळ लावले तर वीलचेअर अडकते. तिला निदान ९० सेंटिमीटर लागतात. तेवढी फट ठेवली, की त्यातून स्कूटर आरामात जाते. मी यावर खूप डोकं खाजवलंय, उत्तर सापडलेलं नाही. बोलार्डने मोटार अडते, स्कूटर नाही. स्कूटर पोलिसांनीच अडवली पाहिजे, पावती फाडूनच. फुटपाथवर वाहन चालवू नये हे नियमात लिहिलेलंच आहे. तेव्हा लोकांच्या रेट्याखाली बोलार्डची रांग लावून वीलचेअरवाल्याचा रस्ता बंद करू नका. त्याच्या वतीने भांडायला साइटवर कुणी आलेलं नसतं.

आणि अतिक्रमण म्हटलं, की गाडी थेट भाजीवालीकडे वळते. रात्री नऊला जिथे भाजीची पाटी आणि चहाची टपरी असते, तिथून एकट्या मुलीला जायला भीती वाटत नाही. पथारीवाल्यांना जागा ठरवून देण्यासाठी २०१४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे आखून द्या, विषय संपेल. फुटपाथ अडवण्यात माझ्या मते पहिला नंबर उभ्या गाड्यांचा आणि दुसरा दुकानाच्या पुढे आलेल्या पायऱ्यांचा. त्यांच्यावर हात टाकायला जड जातं एवढंच. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं होतं. फुकटात गाडी लावायचा हक्क कुणी सोडत नाही, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही लहान माणसं, वरून येतं ते करतो. पण दिवस बदलताहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अडथळा नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली आणि ती जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायचा मार्गही मोकळा ठेवला. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९८ अ आहे. रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. असं प्रकरण उभं राहिलं, की सगळे पहिल्यांदा एमबी मागवतात. एमबीवर सही कुणाची, हे वर लिहिलंच आहे.

म्हणून मागणी एकच. फुटपाथच्या फायनल बिलाआधी एक ‘चालून पाहणी’ करा आणि तिची नोंद एमबीतच घ्या, मोजमापांच्या शेवटी. एका टोकाला ढकलगाडी किंवा वीलचेअर घेऊन उभं राहायचं. सोबत ठेकेदाराचा माणूस आणि त्या रस्त्यावर राहणारा साठीच्या पुढचा एक रहिवासी. शेवटपर्यंत जायचं. जिथे जिथे रस्त्यावर उतरावं लागलं ते चेनेज लिहायचं आणि कारणही. गेट, डीपी, झाड, पायरी, गाडी, जे असेल ते. खाली तिघांच्या सह्या. ती यादी निकाली निघेपर्यंत बिलातली काही टक्के रक्कम रोखून धरायची. एवढं कलम टेंडरच्या अटींत घालायला कायदा बदलावा लागत नाही. कार्यकारी अभियंत्यांनी मनावर घेतलं, तर पुढच्याच टेंडरात येईल. सायकल ट्रॅक असेल तर ढकलगाडीऐवजी सायकल, पाय न टेकता.

ठेकेदार कुरकुर करेल. म्हणेल, डीपी माझा नाही, झाड माझं नाही. बरोबरच आहे त्याचं. जे त्याच्या हातात नाही ते वेगळ्या रकान्यात लिहा आणि वीज कंपनीला, उद्यान विभागाला, वाहतूक पोलिसांना त्याच दिवशी पत्र टाका. पत्राचा जावक क्रमांकही एमबीत लिहा. उद्या कुणी विचारलंच, तर तुम्ही काय केलं याचा कागद तुमच्याकडे असेल. ठेकेदाराचा बिलिंगवाला सर्वांत जास्त आडवा येईल, नवा तक्ता, नव्या सह्या, बिल लांबणार म्हणून. त्याच्या खुर्चीत मी बसलेलो आहे, तेव्हा त्याच्याशी बोलायला मला बोलवा. तक्त्याचा नमुना मी करून ठेवलाय, अर्ध्या पानात मावतो.

कळावे,
बिलिंगमधून निवृत्त झालेला एक पादचारी